गाडीचे वय आणि गाडीची प्रकृती

एकाच कारखान्यातून एकाच दिवशी दोन मोटारी बाहेर पडल्या, दोघींचे यंत्र एक, चाके एक, ब्रेकही एकाच बनावटीचे, असे क्षणभर समजू. त्यांतील एकीला पिवळी पाटी लागली आणि ती भाड्याने फिरू लागली; दुसरीला पांढरी पाटी लागली आणि ती एका गृहस्थाच्या दारात उभी राहिली. येथून पुढे या दोन बहिणींच्या वाट्याला येणारा कायदा मात्र भिन्न आहे. पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली दोन वर्षे संपताच ‘पासिंग’साठी हजर व्हावे लागते, ती आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि तदनंतर दरसाल तिच्या योग्यतेचे प्रमाणपत्र नवे करून घ्यावे लागते. ते नसेल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५६ व्या कलमान्वये तिची नोंदणीच वैध मानली जात नाही. पांढऱ्या पाटीच्या गाडीची नोंदणी त्याच कायद्याच्या ४१ व्या कलमाने एकदम पंधरा वर्षांसाठी होते. या पंधरा वर्षांत तिचा धूर तेवढा तपासला जातो. तिचे ब्रेक वेळेवर लागतात की नाही, टायरांवर नक्षी उरली आहे की नाही, स्टिअरिंग ढिले झाले आहे काय, तिचे दिवे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत भलतेच खुपतात काय, हे ठराविक मुदतीने कोणाला दाखवून घेण्याचे बंधन त्या गाडीच्या धन्यावर नाही. रस्त्यावर मात्र या दोन्ही गाड्या एकाच वेगाने, एकाच गर्दीतून धावत असतात. आणि त्यांच्यापुढून रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलाला पाटीचा रंग पाहून पाऊल टाकण्याची सोय नाही.

हा भेद कायदेकर्त्यांनी अविचाराने केला असे म्हणता येणार नाही. १९३९ च्या मोटार कायद्यातही योग्यतेचे प्रमाणपत्र भाडोत्री व मालवाहू गाड्यांनाच होते, आणि त्या काळी त्यामागे काही तर्क होता. खाजगी मोटार ही तेव्हा मोजक्या सधन घरांतली वस्तू होती. मोटारीचा धनी स्वतः आपल्या बायकामुलांसह त्या गाडीत बसे, पदरी चालक ठेवी, आणि गाडीची निगा आपल्या जिवाच्या भीतीने राखी. भाड्याच्या गाडीचा मालक घरी बसून पैसे मोजणार व उतारूंचा जीव टांगणीला लागणार, म्हणून संशय त्याच्यावर आणि विश्वास पहिल्यावर, अशी ती वाटणी होती. आज तो विश्वास कोणत्या आधारावर उभा आहे? मोटार आता मध्यमवर्गीयाच्या, शेतकऱ्याच्या, छोट्या दुकानदाराच्या दारी आली आहे, आणि हे चांगलेच झाले. तथापि मोटारीचे आयुष्य आता एका घरात सरत नाही. पहिला मालक हमीची मुदत असेपर्यंत कंपनीच्या कार्यशाळेत गाडी नेतो. दुसरा ओळखीच्या मेस्त्रीकडे नेतो. तिसऱ्याच्या हाती ती तालुक्याच्या गावी येते तेव्हा तिच्या पोटात काय बिघडले आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि ज्याला ठाऊक होते त्याने ते सांगितलेले नसते. पश्चिम महाराष्ट्रात तर पांढऱ्या पाटीच्या कित्येक गाड्या राजरोस ‘वडाप’ करतात. म्हणजे उतारू भाड्याचे, तपासणी मात्र गृहस्थाघरच्या गाडीची, अर्थात् कसलीच नाही!

राज्य सरकारला या वस्तुस्थितीची जाणीव नाही असे नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेला, सरळसोट काँक्रीटचा तो रस्ता. पुढल्याच वर्षी, अपघातांची मालिका सुरू झाल्यावर, परिवहन खात्याचे अधिकारी त्या मार्गाच्या प्रवेशद्वारांपाशी उभे राहून येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासू लागले, आणि ज्यांचे टायर गुळगुळीत झाले होते अशा मोटारी त्यांनी तेथूनच माघारी धाडल्या. हा उपाय योग्यच होता. परंतु त्यातील विसंगती पाहा. जी गाडी समृद्धी महामार्गावर जाण्यास अपात्र ठरली, ती आली होती दुसऱ्या रस्त्याने आणि परत गेली तीही दुसऱ्याच रस्त्याने. तो रस्ता दुपदरी, त्यावर बैलगाडी, ऊसाच्या ट्रॉल्या, सायकलस्वार आणि एस.टी.ची वाट पाहणारी माणसे. जी मोटार रिकाम्या रुंद रस्त्यावर धोकादायक, ती गर्दीच्या अरुंद रस्त्यावर निर्धोक, असा काही सिद्धांत परिवहनशास्त्रात असल्यास तो आमच्या वाचनात नाही. या घटनेने सिद्ध झाले ते इतकेच, की खाजगी गाड्यांची तपासणी आवश्यक आहे हे सरकारला पटले आहे, आणि ती करण्याची नियमित जागा मात्र सरकारपाशी नाही.

खाजगी मोटारीची सरकारी तपासणी होतच नाही असेही नव्हे. मोटार अपघातात सापडली, माणूस दगावला, तर कायद्याच्या १३६ व्या कलमान्वये अधिकाऱ्याला त्या गाडीची पाहणी करता येते. तेव्हा तिचे ब्रेक पाहिले जातात, टायर पाहिले जातात, निष्कर्ष कागदावर उतरतो. बहुसंख्य खाजगी मोटारींच्या बाबतीत पहिल्या पंधरा वर्षांतील एकमेव सरकारी तपासणी संभवते ती ही. वरातीमागून घोडे म्हणतात ते असे. फक्त येथे वरात स्मशानाकडे गेलेली असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, त्यांतील १५ हजारांवर महाराष्ट्रात. हे सारे मृत्यू नादुरुस्त गाड्यांमुळे झाले असे सांगून तपासणीचा पुरस्कार करणे हा अप्रामाणिकपणा होईल. सरकारी नोंदींप्रमाणे त्यांतील सर्वांत मोठा वाटा बेफाम वेगाचा आहे. पण वेग आणि ब्रेक यांना वेगळ्या खान्यांत लिहिणे पोलिसांच्या तक्त्याला सोयीचे असले, तरी रस्त्यावर ते दोघे एकत्रच काम करतात. ऐंशीच्या वेगाने धावणारी गाडी चांगल्या टायरांवर जेथे थांबली असती, तेथून काही हात पुढे जाऊन ती झिजलेल्या टायरांवर थांबते. मधल्या तेवढ्या हातांत माणूस असतो किंवा नसतो. पंचनाम्यात मात्र ‘अतिवेग’ एवढाच शब्द येतो.

आता पंधरा वर्षांनंतर काय होते ते पाहू, कारण खरी मौज तेथे आहे. पंधरा वर्षे ज्या गाडीची कोणी वास्तपुस्त केली नाही, तिच्याविषयी सरकारला एकाएकी कमालीची आस्था उत्पन्न होते, आणि ती आस्था प्रामुख्याने शुल्काच्या रूपाने प्रकट होते. नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी करावे लागते. मोटारीसाठी त्याचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५ हजार झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांपलीकडच्या मोटारींसाठी ते १० हजारांवर गेले. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील खाजगी गाड्यांना पर्यावरण कर आहे तो निराळाच. गाडी परिवहन कार्यालयात दाखवावी लागते हे खरे. पण ती पाहणी बव्हंशी डोळ्यांनी होते, आणि डोळ्यांना ब्रेकची ओढ मोजता येत नाही. शुल्काची ही चढती शिडी २०२१ साली जाहीर झालेल्या जुन्या गाड्या मोडीत काढण्याच्या धोरणाचा भाग आहे. त्या धोरणाचे मूळ तत्त्व असे सांगितले गेले होते की, गाडी वयामुळे बाद होणार नाही, योग्यतेच्या कसोटीत नापास झाली तरच बाद होईल. तत्त्व उत्तम होते. पण कसोटीची यंत्रे बसवण्यापूर्वीच शुल्काच्या पावत्या छापून तयार झाल्या! खुद्द सरकारने आपल्या मालकीच्या गाड्यांबाबत तर कसोटीचाही घोळ ठेवला नाही. पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांचे नोंदणी-नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून सरसकट थांबवले.

वय हा गाडीच्या प्रकृतीचा किती कच्चा पुरावा आहे, हे दाखवण्यास फार दूर जावयास नको. निवृत्त शिक्षकाने सोळा वर्षांपूर्वी घेतलेली, आठवड्यातून एकदा बाहेर काढलेली, वेळच्या वेळी तेलपाणी केलेली मोटार एकीकडे. आणि पाच वर्षांत दोन लाख किलोमीटर पळालेली, दोनदा ठोकरून पुन्हा सरळ केलेली मोटार दुसरीकडे. पहिलीला दंड आणि दुसरीला अभय, हा सध्याचा न्याय आहे. दिल्लीत या न्यायाची परिसीमा झाली. तेथे राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनी दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना बंदी झाली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच न देण्याचा हुकूम निघाला आणि लोकक्षोभापुढे काही दिवसांतच स्थगित झाला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते संरक्षण बी.एस.-४ व त्यापुढील दर्जाच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. या साऱ्या चढउतारांतून एक गोष्ट निघते. निव्वळ जन्मतारखेवरून हलत हलत प्रश्न गाडीच्या दर्जापर्यंत आला. आणखी एक पाऊल टाकले असते, तर तो प्रत्येक गाडीच्या प्रत्यक्ष स्थितीपर्यंत पोचला असता.

ते पाऊल टाकायला लोक भितात, आणि त्या भीतीला आधार आहे. खाजगी मोटारींना लागू असलेली एकच नियतकालिक तपासणी आज अस्तित्वात आहे. ती म्हणजे धुराची, ज्याला सर्वत्र पी.यू.सी. म्हणतात. जुन्या दर्जाच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी, बी.एस.-४ व त्यापुढील गाड्यांना दरसाल हे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याची दशा काय आहे हे पेट्रोल पंपाच्या कडेला उभ्या असलेल्या व्हॅनपाशी गेलेल्या कोणालाही विचारावे. नळी धुराड्यात पुरती शिरण्याच्या आत कागद बाहेर येतो. हे आम्हीच म्हणतो असे नाही. दिल्लीतील वाहनांच्या प्रदूषणावरील महालेखापरीक्षकांचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तेथील विधानसभेपुढे आला. २०१५ ते २०२० या काळात, मर्यादेबाहेर धूर सोडणाऱ्या १ लाख ८ हजार गाड्यांना ‘पास’चे प्रमाणपत्र मिळाल्याचे त्यात नमूद आहे. हजारो प्रमाणपत्रे तर एका मिनिटाच्या आत दिली गेली, आणि एकाच केंद्रावर एकाच वेळी दोन दोन गाड्या तपासल्याच्या नोंदीही सापडल्या. प्रमाणपत्र नसल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड कायद्यात आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राविना विमा नूतन करू नये असा आदेश दिला होता आणि २०२४ साली तो मागे घेतला. कागदाचा धाक वाढवला, पण कागदामागच्या यंत्राकडे कोणी पाहिले नाही, त्याचा हा परिपाक.

म्हणूनच मोटारमालक विचारतो, की धुराच्या कागदाला आता ब्रेकचा कागद जोडून तुम्ही एजंटांचे आणखी एक दुकान उघडणार काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिल्यावाचून कोणताही नियम करू नये.

उत्तर शोधताना इतर देशांचा अनुभव उपयोगी पडतो. ब्रिटनमध्ये खाजगी मोटारींची सक्तीची तपासणी १९६० साली सुरू झाली ती दहा वर्षांवरील गाड्यांपुरती, आणि तपासायचे होते ते ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढेच. इतक्या गाड्या त्यात नापास झाल्या की पुढल्याच वर्षी ती मर्यादा सात वर्षांवर आणि १९६७ साली तीन वर्षांवर आणावी लागली. तीनऐवजी चार वर्षे करण्याचा विचार तेथील सरकारने अलीकडे केला, परंतु जानेवारी २०२४ मध्ये तो सोडून दिला. जर्मनीत मोटारीच्या मागल्या पाटीवर एक छोटा रंगीत बिल्ला असतो. पुढील तपासणीचा महिना व साल त्यावरून रस्त्यावरच्या कोणत्याही पोलिसाला दुरूनच कळते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १ जानेवारी २०२५ पासून खाजगी मोटारींची सुरक्षा-तपासणी रद्द केली, कारण तिचा उपयोग खर्चाच्या मानाने अल्प आहे असे तेथील विधिमंडळाला वाटले. तपासणी गेली, तिचे साडेसात डॉलर शुल्क मात्र नाव बदलून राहिले. सरकार कोणत्याही देशाचे असो, काही सवयी सारख्याच!

टेक्सासचा दाखला देऊन येथे कोणी हात झटकू नयेत. तेथे अनेक वर्षे दरसाल तपासणी होती. आपल्याकडे पंधरा वर्षे शून्य आहे. पथ्य पाळून बरा झालेला माणूस पथ्य सोडू शकतो, ज्याने कधी वैद्यच पाहिला नाही त्याने त्याचे अनुकरण करू नये.

नवा कायदा करण्याचेही कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने ५६ व्या कलमातच अशी तरतूद झाली आहे की, केंद्र सरकार ठरवील त्या अटींवर योग्यता-प्रमाणपत्राच्या तरतुदी खाजगी वाहनांनाही लावता येतील. सप्टेंबर २०२१ मध्ये यांत्रिक तपासणी केंद्रांचे नियमही झाले. या केंद्रांत गाडीची चाके फिरत्या रुळांवर चढवून प्रत्येक चाकाच्या ब्रेकची ओढ यंत्राने मोजली जाते. दिव्यांचा झोत, चाकांचा तिरपेपणा, धूर, सारे आकड्यांत उतरते आणि आकडे परस्पर संगणकावर जातात. त्या नियमांतील एक अट आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. तपासणी केंद्र चालवणाऱ्याने गाड्यांची दुरुस्ती वा विक्री करावयाची नाही. जो रोग सांगतो त्यानेच औषध विकू नये, हा शहाणपणा त्यात आहे. पी.यू.सी.च्या व्हॅनमध्ये आणि या केंद्रात नेमका फरक पडायचा तो येथे: कागद माणूस देणार की मापन देणार?

पण केंद्रे आहेत कोठे? मोठ्या भाडोत्री गाड्यांना यांत्रिक तपासणी १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची व्हायची होती. केंद्रेच उभी न राहिल्याने ती तारीख १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत ढकलावी लागली. महाराष्ट्राचा पूर्वेतिहासही उत्साहवर्धक नाही. ब्रेक तपासण्यासाठी परिवहन कार्यालयापाशी २५० मीटर लांबीचा साधा मार्ग असावा, एवढ्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे याचिका चालली, आणि २०१७ साली असा मार्ग नसलेल्या कार्यालयांतील योग्यता-तपासणी न्यायालयाच्या आदेशामुळे बंद ठेवण्याची नामुष्की खात्यावर आली. पाव किलोमीटर जागा ज्यांना वेळेत मिळाली नाही, त्यांच्या हाती उद्या लक्षावधी मोटारी सोपवल्या तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. आजऱ्याच्या माणसाला गाडी दाखवायला कोल्हापूरला, भामरागडच्या माणसाला गडचिरोलीला जाऊन दोन दिवस घालवावे लागणार असतील, तर एजंट आपोआप जन्माला येतो.

तेव्हा आधी केंद्र, मग सक्ती, हा क्रम ठरवावा. ज्या तालुक्यात किंवा लगतच्या तालुक्यात चालते यांत्रिक केंद्र असेल, तेथेच नियम लागू करावा. पहिली तपासणी आठव्या वर्षी, तदनंतर दर दोन वर्षांनी, एवढ्याने सुरुवात पुरे. भाडोत्री गाडीला ज्या वयात दरसाल तपासण्याइतकी जुनी मानतात, त्या वयात खाजगी गाडीकडे निदान एकवार पाहावे, ही मागणी कोणाला जाचक वाटू नये. तपासायचे तेही थोडेच: ब्रेक, टायर, स्टिअरिंग, दिवे, सीटचे पट्टे, धूर. रंग उडाला, पोचा पडला, म्हणून कोणाची गाडी अडवू नये. शुल्क तपासणीच्या खर्चाइतकेच असावे, आणि नापास झालेली गाडी दुरुस्त करून महिनाभरात परत आणली तर ते दुसऱ्यांदा घेऊ नये. जी गाडी या कसोटीत उतरते, ती वीस वर्षांची असो की पंचवीस, तिच्यावरील वयाचा अधिभार काढून टाकावा. वयाचा दंड आणि प्रकृतीची तपासणी असे दोन्ही एकाच मालकाकडून वसूल करता येणार नाही. दुचाकींची संख्या मोटारींहून कितीतरी अधिक आहे आणि त्यांवर मरणारी माणसेही अधिक आहेत. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल, पण मोटारींची केंद्रे नीट चालल्यावाचून तो बोजा त्यांच्यावर टाकणे म्हणजे दोन्ही बुडवणे होय.

गरीब मालकाचे काय, हा आक्षेप उरतो, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. जुनी गाडी घेणारा ती हौसेने जुनी घेत नाही. चार टायर नवे टाकायचे म्हणजे त्याच्या महिन्याच्या मिळकतीचा मोठा लचका. परंतु आज त्याची खरी फसवणूक होते ती विकत घेतानाच. रंगसफेदी केलेली, मीटर मागे फिरवलेली गाडी त्याच्या गळ्यात बांधली जाते आणि तिच्या पूर्वायुष्याची नोंद कोठेही नसते. ब्रिटनमध्ये गाडीचा क्रमांक सांगताच तिच्या पूर्वीच्या तपासण्या, नापासाची कारणे व त्या त्या वेळचे किलोमीटर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आपल्याकडेही तपासणीचे आकडे असेच खुले ठेवले, तर खटारा विकणाऱ्याला त्याची किंमत कमी करावी लागेल, आणि टायरांचा खर्च ज्याने गाडी झिजवली त्याच्या खिशातून जाईल. शिवाय केंद्राने खोटे आकडे चढवले तर ते उघडे पाडणारे हजारो डोळे फुकट मिळतील, जे दिल्लीत महालेखापरीक्षक येईपर्यंत कोणापाशी नव्हते.

राज्याच्या परिवहन खात्याला केंद्राच्या अधिसूचनेची वाट न पाहता एक गोष्ट उद्याच करता येईल. समृद्धी महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर आजवर किती खाजगी मोटारी तपासल्या, त्यांतील किती माघारी धाडल्या, त्या किती वर्षे वयाच्या होत्या, आणि त्यांचे पुढे काय झाले, ही नोंद त्यांच्या दप्तरी असली पाहिजे. ती खात्याने विधिमंडळापुढे ठेवावी. पाच वर्षांच्या आतल्या गाड्या त्या यादीत किती निघतात, हे पाहण्याची आम्हांला उत्सुकता आहे.